एका पायापुरती माशी: स्थानिक मधमाश्यांचा डीएनए अभ्यास, जाळीपासून डेटाबेसपर्यंत

युरोपात फुलावर बसलेली पांढऱ्या शेपटाची बंबलबी (जाड, केसाळ मधमाशी) दाखवून तिची नेमकी जात विचारली, तर वर्षानुवर्षे माश्या ओळखणारा माणूसही हात टेकतो. बॉम्बस लुकोरम, बॉम्बस क्रिप्टारम आणि बॉम्बस मॅग्नस या तिन्ही जातींच्या कामकरी माश्या भिंगाखाली धरूनही खात्रीने वेगळ्या करता येत नाहीत. मायटोकॉन्ड्रियातल्या (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागातल्या) एका जनुकाचा तुकडा वाचला की मात्र तिघी वेगळ्या होतात. त्यासाठी अख्खी माशीही लागत नाही, पायाचा तुकडा पुरतो.

मधमाशी म्हटले की पोळे आठवते, पण जगात मधमाश्यांच्या २०,००० हून अधिक जातींची नोंद आहे आणि त्यांतल्या बहुतेक एकांड्या आहेत. कुणी जमिनीत बीळ करते, कुणी पोकळ काडीत घर थाटते. त्यांच्याबद्दल आपल्याला फार कमी ठाऊक आहे. ज्यांना या माश्यांवर डीएनएच्या मदतीने काम सुरू करायचे आहे, त्यांच्यासाठी हा लेख. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो: प्रयोगशाळेतला भाग यात सगळ्यांत सोपा. तो बाहेरून करूनही घेता येतो. काम बिघडते ते रानात, बाटलीत आणि लेबलावर, आणि तिथे एकदा बिघडले की पुढे कुठलेही यंत्र ते सुधारू शकत नाही.

आधी प्रश्न, मग जाळी

"आपण यांचा डीएनए करून बघू" हा प्रश्न नव्हे. तुम्हाला नक्की काय हवे आहे, त्यावर माशी कशी धरायची, कशात ठेवायची आणि किती धरायच्या हे सगळे ठरते.

ही कोणती जात, एवढेच विचारायचे असेल तर बारकोडिंग, म्हणजे ठरावीक जनुकाच्या तुकड्यावरून जात ओळखणे, पुरे. माशी कोणत्या झाडांवर जाते हे हवे असेल तर तिच्या अंगावरचा पराग वाचावा लागतो. एका परिसरात बंबलबीच्या किती वसाहती आहेत, समूह एकमेकांपासून तुटलेत का, त्यांच्यात अंतःप्रजनन चालले आहे का, या प्रश्नांना मायक्रोसॅटेलाइट (डीएनएतले पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे) किंवा जीनोमभर, म्हणजे सगळ्या डीएनएभर, विखुरलेले एसएनपी (एकेका अक्षराचे फरक) लागतात. जातींची वंशावळ मांडायची असेल तर जीनोममधले अतिसंरक्षित (अनेक जातींत जवळपास सारखेच राहिलेले) भाग वाचण्याची पद्धत उत्तम. संग्रहालयातल्या जुन्या, टाचणीवरच्या माश्यांवरही ती बऱ्याचदा चालते. रोगजंतू शोधायचे असतील तर आणखी एक फाटा फुटतो. नोसेमासारख्या जंतूचा डीएनए इथेनॉलमध्ये टिकतो, पण पंख वेडेवाकडे करणारा डीडब्ल्यूव्ही हा विषाणू आरएनएचा असतो. त्यासाठी माशी धरल्याबरोबर गोठवावी लागते किंवा आरएनए टिकवणाऱ्या द्रावणात टाकावी लागते. हंगाम संपल्यावर "विषाणूही बघू या का?" असे कुणाला सुचले, तर उत्तर बहुधा नाही असेच असते.

परवानग्यांचे कामही याच टप्प्यावर करा. बऱ्याच देशांत संरक्षित क्षेत्रात कीटक पकडायला परवाना लागतो. नमुने सीमेपलीकडच्या प्रयोगशाळेत पाठवायचे असतील तर जनुकीय संसाधनांच्या वापराबद्दलचा, २०१४ पासून लागू असलेला आंतरराष्ट्रीय नागोया करार लक्षात घ्यावा लागतो. संकटग्रस्त जातींचे नियम आणखी कडक. अमेरिकेत २०१६ मध्ये हवाईच्या हायलियस वंशातल्या सात जाती संकटग्रस्तांच्या यादीत आल्या, २०१७ मध्ये बॉम्बस अफिनिस आली. अशा माशीला हात लावण्याआधी कागद हातात हवा.

माशी धरताना

जाळी, रंगीत वाट्यांचे सापळे आणि पोकळ काड्यांची कृत्रिम घरे ही तीन मुख्य साधने. प्रत्येकाची खोड वेगळी.

साबणपाण्याच्या रंगीत वाट्यांत भरपूर माश्या मिळतात आणि त्या चोवीस तासांच्या आत उचलल्या तर बारकोडिंगला चालतातही. पण वाटीत पडलेल्या सगळ्या माश्यांचा पराग एकाच पाण्यात मिसळतो. म्हणजे आहार अभ्यासायचा असेल तर वाटीतली माशी बाद. त्यासाठी जाळीनेच पकडा, प्रत्येक माशी स्वतंत्र, कोऱ्या बाटलीत घ्या आणि ती कोणत्या फुलावर होती हे तिथल्या तिथे लिहा. जाळीच्या कापडालाही पराग चिकटतो. शक्य असेल तिथे जाळी वापरूच नका, फुलावर बसलेल्या माशीवर थेट बाटली उपडी करा. हात बसायला वेळ लागतो, पण पुढची डोकेदुखी वाचते.

मारायचे कशाने, हा प्रश्न ऐकायला क्रूर आहे, पण अर्धे यश यावर ठरते. कीटक संग्राहकांची जुनी सवय म्हणजे इथाइल ॲसिटेटची बाटली. त्याच्या वाफेने डीएनएचे तुकडे होतात, आणि फॉर्मॅलिन त्याहून वाईट. माशी थेट ९५ टक्के इथेनॉलमध्ये टाका, नाहीतर गोठवा. ७० टक्के इथेनॉल दिसायला तेच, पण त्यात डीएनए हळूहळू खराब होत जातो. माशीच्या अंगातले पाणी बाहेर येऊन इथेनॉल पातळ होते, म्हणून एक-दोन दिवसांनी ते एकदा बदला. नंतर बाटल्या उणे २० अंशांवर ठेवा. फ्रीजर नसेल तर निदान अंधारात आणि थंड जागी.

इथेनॉलमध्ये केस चिकटून माशी ओल्या मांजरासारखी दिसते आणि ओळखायला अवघड जाते. ती कोमट साबणपाण्यात धुवून, स्वच्छ पाण्यातून काढून, केस वाळवायच्या यंत्राच्या मंद वाऱ्यात फुलवली की पुन्हा देखणी होते. पराग हवा असेल तर तो हे सगळे करण्याआधी काढून घ्यायचा, हे सांगायला नकोच. तरी सांगतो, कारण ही चूक होते.

माशी मारायची नसेल तर? बंबलबीच्या मधल्या पायाच्या टोकाचा तुकडा कापून तिला सोडून देता येते. बॉम्बस टेरेस्ट्रिसच्या कामकरी माश्यांवर हे तपासले गेले आहे आणि त्यांच्या जगण्यावर किंवा चारा गोळा करण्यावर परिणाम दिसलेला नाही. मागचा पाय मात्र कापू नका, पराग तिथेच भरला जातो. लहान एकांड्या माशीला हा प्रकार झेपेलच असे नाही. शिवाय सोडून दिलेली माशी पुन्हा तपासता येत नाही, म्हणून निदान चेहरा, पाठ, बाजू आणि पंख असे चार चांगले फोटो घ्या.

मारलेल्या माशीचाही एकच पाय घ्या, शक्यतो मधला, आणि नेहमी डाव्या बाजूचा. उजवी बाजू कायम शाबूत राहिली तर नंतर ओळखणाऱ्याला हवी ती खूण सापडते. मेगाकायलीसारख्या वंशात नराच्या पुढच्या पायावरच ओळखीच्या खुणा असतात. तिथे चुकून पुढचा पाय उचललात तर डीएनए मिळेल आणि ओळख जाईल.

लेबल

या विषयावर मी अंमळ हटवादी आहे. प्रत्येक माशीला एक क्रमांक. तोच क्रमांक बाटलीवर, टाचणीखालच्या कागदावर, पायाच्या नळीवर आणि वहीत. कागद बाटलीच्या आत ठेवायचा, लेखन पेन्सिलीने किंवा इथेनॉलने न विरघळणाऱ्या शाईने. ठिकाणाचे अक्षांश-रेखांश, तारीख, फूल, पकडण्याची पद्धत आणि पकडणाऱ्याचे नाव हे सगळे त्यावर हवे. बॉलपेनने लिहिलेली लेबले इथेनॉलमध्ये पांढरीशुभ्र होऊन निघालेली मी पाहिली आहेत. माश्या सुरेख टिकल्या होत्या, पण कुठल्या, कधीच्या, हे सांगणारे कुणी उरले नव्हते.

पायातून डीएनए, डीएनएतून बारकोड

पाय बारीक करून प्रोटिनेज के या विकरासोबत ५६ अंशांवर रात्रभर ठेवतात. सकाळी त्यातून डीएनए वेगळा काढायला तयार किट मिळतात. नमुने खूप असतील आणि फक्त बारकोडच हवा असेल तर चेलेक्स या रेझिनची स्वस्त पद्धतही चालते, पण तो डीएनए वर्षानुवर्षे टिकत नाही. पुढे कधी जीनोम वाचायची शक्यता असेल तर सुरुवातीलाच चांगल्या किटवर खर्च करा.

प्राण्यांचा नेहमीचा बारकोड म्हणजे सीओआय जनुकाचा ६५८ अक्षरांचा तुकडा. हा तुकडा उचलणारे, आजही सर्वाधिक वापरात असलेले प्रायमर (नक्कल सुरू करायला डीएनएला चिकटणारे छोटे तुकडे) १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यांच्या जोरावर २००३ मध्ये बारकोडिंगची कल्पना मांडली गेली. मधमाश्यांच्या बाबतीत एक अडचण असते. त्यांच्या मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएत ए आणि टी या अक्षरांचा भरणा असतो. पाळीव मधमाशीत, एपिस मेलिफेरात, तर सुमारे ८५ टक्के. त्यामुळे प्रायमर सैल बसतात. पीसीआर (डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य नकला करण्याची प्रक्रिया) चालला नाही तर प्रायमर चिकटण्याचे तापमान ४५ अंशांच्या आसपास उतरवून पाहा, किंवा त्या गटासाठी बनवलेले दुसरे प्रायमर घ्या. जुन्या, टाचणीवरच्या माश्यांत डीएनएचे तुकडेच झालेले असतात. तिथे सव्वाशे-दीडशे अक्षरांच्या लघुबारकोडवर समाधान मानावे लागते.

प्रत्येक फेरीत एक नळी अशी ठेवा की तिच्यात माशी सोडून बाकी सगळे असेल. ती कोरी नळी कोरीच निघाली पाहिजे. पीसीआरनंतर तिच्यात डीएनएचा पट्टा दिसला तर ती अख्खी फेरी फेकून द्या, "एवढ्याने काय होते" म्हणू नका.

नमुने थोडे असतील तर एकेक तुकडा वाचणारी सँगर पद्धत अजूनही उत्तम, कारण तिचा आलेख डोळ्यांनी वाचता येतो. शेकडो माश्या एकदम वाचायच्या असतील तर प्रत्येकीला वेगळी खूणचिठ्ठी जोडून नॅनोपोअर यंत्रावर चढवतात. पूर्ण ६५८ अक्षरे सलग मिळतात आणि यंत्रही खिशात मावेल एवढे छोटे असते.

अक्षरे आली, आता विश्वास कशावर ठेवायचा

इथे घाई करणाऱ्यांची फसगत होते. डेटाबेसमध्ये शोध घेतला, ९९ टक्के जुळले, नाव उतरवून घेतले, झाले काम. नाही झाले.

आधी मिळालेला क्रम मायटोकॉन्ड्रियाच्या जनुकीय संकेतानुसार प्रथिनात भाषांतरित करा. तो संकेत नेहमीपेक्षा थोडा वेगळा असतो, त्यामुळे सॉफ्टवेअरमध्ये अपृष्ठवंशीयांच्या मायटोकॉन्ड्रियाचा पर्याय निवडावा लागतो. मध्येच थांबण्याची खूण आली किंवा एखादे अक्षर गळाले, तर तुमच्या हातात बहुधा खरा सीओआय नाही, न्यूम्ट आहे. न्यूम्ट म्हणजे मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएची केंद्रकात जाऊन पडलेली, निकामी झालेली नक्कल. पाळीव मधमाशीच्या जीनोममध्ये अशा नकला विलक्षण संख्येने आहेत. सँगरच्या आलेखात एकाच जागी दोन शिखरे दिसू लागली तरी हाच संशय घ्यावा. पण घाईने शिक्का मारू नये. हवाईच्या हायलियस माश्यांत एकाच माशीच्या शरीरात मायटोकॉन्ड्रियाचे दोन वेगळे प्रकार खरोखरच नांदताना सापडले आहेत.

दुसरा भामटा म्हणजे वोल्बॅकिया, कीटकांच्या पेशींत राहणारा जीवाणू. कधीकधी सर्वसामान्य प्रायमर माशीऐवजी त्याचेच जनुक उचलतात. शोध घेतला की जीवाणूचे नाव येते, तेव्हा हे निदान लक्षात तरी येते. त्याचे दुसरे काम जास्त कपटी. तो आईकडून पिल्लांत जातो, मायटोकॉन्ड्रियाही आईकडूनच जातात. त्यामुळे एखाद्या समूहात वोल्बॅकिया फैलावला की त्याच्यासोबत एकच मायटोकॉन्ड्रिया प्रकार सगळीकडे पसरतो. मग एकाच जातीचे दोन गट बारकोडमध्ये दोन जाती वाटतात, किंवा दोन जाती एकच भासतात. म्हणून फक्त बारकोडमधल्या दोन-तीन टक्के फरकावरून नवी जात जाहीर करू नका. केंद्रकातले निदान एक जनुक वाचा आणि माशी पुन्हा भिंगाखाली धरा. तिन्ही साक्षीदार एकच बोलत असतील तर पुढे जा.

आता नावाबद्दल. डेटाबेसमधल्या क्रमांना नावे माणसांनीच दिलेली असतात, आणि माणसे चुकतात. म्हणून पहिल्या जुळणीवर थांबू नका. जवळचे वीस-तीस क्रम घेऊन झाडासारखी आकृती काढा. बोल्ड या बारकोड डेटाबेसमध्ये मिळत्याजुळत्या क्रमांचे गट आपोआप बनवून त्यांना क्रमांक दिलेले असतात. एका गटात तीन जातींची नावे दिसली तर एक तर कुणीतरी चुकीचे ओळखले आहे, किंवा त्या जाती बारकोडने वेगळ्याच होत नाहीत. कोणते खरे, ते कळायला मूळ माश्या कुठल्या संग्रहात आहेत ते पाहावे लागते. माशी जपलेली नसेल तर तो क्रम निव्वळ अक्षरांची ओळ आहे.

उलट दिशेने बारकोडिंगचा एक छान उपयोग होतो. अनेक एकांड्या माश्यांत नर आणि मादी एकमेकांसारखे दिसतच नाहीत. दोघांचा बारकोड जुळला की जोडी लागते.

पराग: माशी काय खाते

माझ्या मते डीएनएने सर्वांत मोठी मदत केली ती इथे. सूक्ष्मदर्शकाखाली परागकण ओळखणारी माणसे थोडी, आणि कितीतरी वनस्पती कुळांत कण एकसारखेच दिसतात.

पराग कुठून घ्यायचा हे माशीवर अवलंबून. काही जणी मागच्या पायांवर वाहतात. मेगाकायलिडी कुळातल्या माद्या पोटाखालच्या केसांत भरतात. हायलियस मात्र पराग गिळून पोटातल्या पिशवीतून नेते, त्यामुळे तिच्या अंगावर शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही, पिशवीच उघडावी लागते. कोकिळेसारख्या परक्या घरट्यात अंडी घालणाऱ्या नोमाडा किंवा स्फेकोडिस माश्या पराग गोळाच करत नाहीत.

अंगावरचा पराग एका फेरीचा हिशेब सांगतो. पूर्ण आहार हवा असेल तर काड्यांची कृत्रिम घरे लावा. ऑस्मियासारखी मादी काडीत एकापुढे एक कोठड्या बांधते आणि प्रत्येकीत परागाचा गोळा ठेवून अंडे घालते. बहुधा आतल्या कोठड्यांत मुली, दाराजवळ मुलगे. प्रत्येक कोठडीतून चिमूटभर पराग घेतला तर हंगामभर तिचा चारा कसा बदलत गेला आणि मुलींना वेगळे काही वाढले का, हेही दिसते.

परागकणाचे कवच स्पोरोपोलेनिनचे असते. ते इतके चिवट की नुसत्या विकराने फुटत नाही, बारीक मण्यांसोबत जोरात घुसळून कण फोडावे लागतात. ही पायरी टाळली तर पातळ कवचाचा पराग भरपूर दिसतो आणि जाड कवचाचा दडून राहतो.

वनस्पतींसाठी साधारण डीएनएच्या दोन खुणा, म्हणजे ओळखीचे दोन ठरावीक तुकडे, एकत्र वाचतात: आयटीएस-टू आणि आरबीसीएल. पहिली बऱ्याचदा जातीपर्यंत पोचवते, पण तिचे प्रायमर कधी बुरशीही उचलतात. दुसरी भरवशाची, पण अनेकदा वंशापर्यंतच थांबते. दोन्हींत एखादी वनस्पती आली तर बिनधास्त माना. त्याहून महत्त्वाचे म्हणजे संदर्भ. तुमच्या परिसरातल्या वनस्पती डेटाबेसमध्ये नसतील तर यंत्र जवळच्या नात्यातले, तिथे कधी न उगवलेले नाव देईल. म्हणून त्याच हंगामात फुललेल्या झाडांची पाने गोळा करून, वाळवून, त्यांचे क्रम आधी स्वतः वाचून ठेवा. कंटाळवाणे काम आहे, पण त्याविना पुढचे सगळे डळमळीत.

निकालात गवताचा पराग आला तर लगेच आनंदू नका. वाऱ्यावर उडणारा पराग प्रयोगशाळेच्या खिडकीतूनही येतो. प्रत्येक टप्प्यावरच्या कोऱ्या नळ्या सोबत वाचा आणि त्यांत दिसलेल्या वनस्पती नमुन्यांतून वजा करताना डोळसपणे करा. एकाच यंत्रावर अनेक नमुने असले की खूणचिठ्ठ्यांची थोडी अदलाबदलही होते. म्हणून फार थोड्या वाचनांत (यंत्राने वाचलेल्या तुकड्यांत) दिसलेल्या वनस्पती कोणत्या उंबरठ्याखाली गाळायच्या हे आधी ठरवा, निकाल पाहून नव्हे.

आणि टक्केवारी? वाचनांच्या संख्येवरून "या माशीने अमुक झाडाचा ६० टक्के पराग खाल्ला" असे लिहिण्याचा मोह आवरा. कवचाची जाडी, जनुकाच्या प्रतींची संख्या, पीसीआरची आवडनिवड, या सगळ्यांनी आकडे वाकतात. अनेक माश्यांपैकी किती जणींवर ते झाड सापडले, हा हिशेब जास्त प्रामाणिक.

नातीगोती

मधमाश्यांत फलित अंड्यातून मादी होते आणि अफलित अंड्यातून नर. नराकडे प्रत्येक जनुकाची एकच प्रत. बापाकडे देण्यासारखे एकच पान असल्याने सख्ख्या बहिणींचे नाते तीन चतुर्थांश होते, आपल्यासारखे अर्धे नव्हे. या एका गोष्टीने दोन कामे साधतात.

पहिले वसाहती मोजण्याचे. बंबलबीच्या बहुतेक जातींत राणी एकदाच मिलन करते. फुलांवरून धरलेल्या कामकरी माश्यांचे मायक्रोसॅटेलाइट वाचले की कोण कुणाची बहीण हे कळते. त्यावरून जमिनीत दडलेली घरटी न उकरता किती वसाहती तिथून चरायला येतात याचा अंदाज बांधता येतो. बहिणी एकमेकींपासून किती लांब सापडल्या त्यावरून त्या किती दूर चरायला जातात तेही कळते. कॉलनी नावाचा संगणकीय प्रोग्रॅम हे गणित करतो. त्याला एकगुणित-द्विगुणित (नराकडे एक प्रत, मादीकडे दोन) पर्याय सांगायला विसरलात तर तो मुकाट्याने चुकीचे उत्तर देतो.

दुसरे काम धोक्याची घंटा ओळखण्याचे. लिंग ठरवणाऱ्या जनुकाच्या दोन्ही प्रती सारख्या पडल्या तर फलित अंड्यातूनही नर होतो. तो बहुतेकदा वांझ निघतो किंवा जगतच नाही. समूह लहान होत गेला की असे द्विगुणित नर वाढतात. म्हणून नरही गोळा करा, केवळ माद्या नकोत. नराच्या अनेक जागी दोन-दोन रूपे दिसली तर तो द्विगुणित आहे, किंवा तुमच्या नळीत दुसऱ्या माशीचा डीएनए शिरला आहे. दुसरी शक्यता आधी तपासा.

फुलावर उरलेल्या खुणा

फुलावर येऊन गेलेल्या कीटकांचा डीएनए फुलावर उरतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रानफुलांवरून संधिपाद प्राण्यांच्या निदान १३५ जाती सापडल्या. कल्पना मोहक आहे, पण फुलावर सतत मुक्काम असलेले मावा आणि फुलकिडे जास्त दिसतात, क्षणभर टेकून गेलेली माशी निसटते. ऊन आणि पाऊस तिची खूण पुसतात. जाळीला जोड म्हणून वापरा, तिच्या जागी नको.

सूक्ष्मजीवांचे तसे नाही, तिथे फूल हाच मुख्य रंगमंच. एकांड्या माश्यांच्या पोटातले काही लॅक्टोबॅसिलस जीवाणू फुलांवरही सापडतात, म्हणजे एकीकडून दुसरीकडे जायला त्यांना पोळे लागत नाही, फूल पुरते. नोसेमा किंवा क्रिथिडिया (माशीच्या आतड्यातला परजीवी) शोधताना म्हणूनच माश्यांबरोबर त्याच जागची फुलेही घ्या, आणि आसपास पाळीव मधमाश्यांच्या पेट्या असतील तर त्यांचे अंतर वहीत लिहा.

काम संपताना

क्रम सार्वजनिक डेटाबेसमध्ये टाका, त्यासोबत माशीचा संग्रह क्रमांक, फोटो, ओळखणाऱ्याचे नाव आणि सँगरचे मूळ आलेखही जोडा. दुर्मीळ जात असेल तर घरट्याची नेमकी जागा जाहीर करू नका, ढोबळ प्रदेश पुरे. उरलेला डीएनए दोन भागांत, दोन वेगळ्या फ्रीजरांत ठेवा, कारण फ्रीजर सुट्टीच्या दिवशीच बंद पडतात. आणि पाच पायांची ती माशी टाचणीवर लावून, सहाव्या पायाच्या नळीचा क्रमांक तिच्या खालच्या कागदावर पेन्सिलीने लिहून, कीटकांचा सांभाळ करणाऱ्या एखाद्या कायमच्या संग्रहाच्या स्वाधीन करा.